आईवाचूनचा आगमनकाळ

नाताळाआधीच्या त्या आगमनकाळात माझी प्रार्थना बंद पडली होती. आमच्या ख्रिस्ती देवळात रविवारच्या मेणबत्त्या लागत होत्या आणि मी पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये भिंतीकडे तोंड करून पडलेली. हे गँगमन, दिवसभर रुळावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिकडे नगरला आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून इथंच झालं. "प्रभू, नाताळापर्यंत तिला ठेव, नातवाचं तोंड दाखव," एवढंच आधी मागत होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा बंद चालले होते, ती गेल्याची तार उशिरा आली. तोवर आईची माती झाली होती. ओली बाळंतीण मी, जाणार तरी कुठं?

त्या धसक्यानं अंगावरचं दूध आटलं. बाळ चोखून चोखून दमायचं आणि किंचाळायचं. वरचं दूध पचेना, दिवसेंदिवस सुकत चाललं. सातवीत शाळा सुटलेली मी, नुसती भ्यायचे. पाळकसाहेब येऊन म्हणाले, "आनंद करा, प्रभू येत आहे." मी पदर तोंडावर ओढून घेतला.

चुडाव्याहून गंगूमावशी बाळाला न्हाऊ घालायला यायची. पोखर्णीच्या नरसिंहाची भक्तीण, तोंडाची फटकळ. त्या सकाळी बाळाला पायांवर घेऊन तेल चोळता चोळता म्हणाली, "काऊन गप पडलीस गं? माय गेली, आता लेकरूबी घालवतीस का?"

"माझ्यात काही उरलं नाही, मावशी."

"मग मायचं दे. न्हाऊ घालताना काय म्हनायची ती?"

"येशूबाळाचा पाळणा."

"मग म्हन की! माझ्या नरसिंहाला काय कान न्हाईत? त्योबी ऐकंल."

मी घोगऱ्या आवाजात सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला आईचाच सूर गळ्यात आल्यासारखं झालं आणि तार आल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्यानं रडले. मावशीनं बाळ पुसून माझ्या मांडीवर टाकलं. थोड्या वेळानं बघते, तर चोळी भिजलेली आणि बाळ गटागट पीत होतं.

"लय हावरट हाय गं!" मावशी हसली.

रडल्यानं मोकळं झालं, असं कुणी म्हणेल. असेलही. आईला नातू दिसला नाही, मला तिच्यावर मूठभर माती लोटता आली नाही, ही हळहळ दर आगमनकाळात वर येते. मागितलं ते प्रभूनं दिलं नाही. दिलं ते मी मागायचंही विसरले होते. बाळ झोपल्यावर मी एवढंच म्हटलं, "प्रभू, तुझी इच्छा." पुढं काही सुचलं नाही. आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते.