आजीच्या मसाल्याचा चेकसम

आजी जाण्याच्या आदल्या वर्षी मी तिच्याकडून मालवणी मसाल्याचं प्रमाण फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. अकरा मिनिटांची फाइल. एक प्रत मुलुंडला आईच्या लॅपटॉपवर ठेवली, दुसरी पेनड्राइव्हवर घालून दहिसरच्या मावशीला दिली. यंदा मे महिन्यात दोघी बहिणींनी आपापला मसाला कांडून आणला. मावशीच्या मसाल्याला आजीची चव येईना, आणि आईने फोनवर सांगितलं, "माझो झकास झालो हा." झालं. मावशीने मलाच धरलं.

"तुझ्या आवशीक अख्खा दिलंस आणि माका मधला कापून."

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे मसाला शिकवताना एखादा जिन्नस हळूच गाळायची खोड आहे, कबूल. पण मी तसं केलं, असं मावशीला वाटावं? तिने आमच्याकडे येणंही बंद केलं. मला फार लागलं ते.

मग एका रविवारी आईला आणि लॅपटॉपला घेऊन मी दहिसर गाठलं. माझ्या अंधेरीच्या ऑफिसात, पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोचली का, हे बघायला आम्ही चेकसम काढतो. काळ्या खिडकीत कमांड लिहायची, पुढे फाइलचं नाव, एंटर. चौसष्ट अक्षर-आकड्यांची ओळ येते. आजीचा एक श्वास जरी कापला असता, तरी ओळ बदलली असती.

दोन्ही फाइलींच्या ओळी एकाखाली एक आल्या. "बघ, सारख्याच आहेत," मी म्हटलं.

"लॅपटॉप तुमचोच," मावशी म्हणाली.

तिने चष्मा लावला आणि पेनड्राइव्हची ओळ मोठ्याने वाचायला घेतली. आई दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून "हां, हां" करत होती. मध्येच मावशीची जागा चुकली, पुन्हा पहिल्यापासून. मी दात-ओठ खात बसले. शेवटी चौसष्टच्या चौसष्ट जुळली.

मग आईच चाचरत म्हणाली, "माझोय तसो नाय झालो गो. मी उगाच सांगलंय."

मावशीने चष्मा काढला. "म्हणजे आपल्या आवशीनच सगळा सांगूक नाय."

दोघी आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग पोट धरून हसल्या. हसू ओसरल्यावर मावशी म्हणाली, "माका वाटलेला, तुका तरी सांगल्यान असतला."

"आणि माका वाटलेला, तुका," आई म्हणाली.