सुटकेचा निकाल नेटवर नाही

मानाजीरावांचं नाव फोनमध्ये टाकलं, की ते आजही आरोपी निघतात. चेन्नईतल्या एका शाळेच्या कचेरीत त्यांनी जन्म घालवला. एका वर्षी परीक्षेआधी प्रश्नपत्रिका फुटली. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली यांच्याकडे, म्हणून पोलिसांनी यांनाच उचललं. जामीन नाकारल्याचा हुकूम कोर्टाच्या वेबसाइटवर लगेच चढला. पुढे खटला चालून ते निर्दोष सुटले, पण तो निकाल काही केल्या चढेना.

"निदान जुना हुकूम तरी काढा," त्यांनी कोर्टातल्या खिडकीवर विनवलं.

"तो सार्वजनिक आहे, सार."

"मग माझी सुटका काय खाजगी आहे?"

"फाइल स्कॅनिंगला गेलीय."

गेली ती गेलीच. दर खेपेला खिडकीत माणूस नवा, उत्तर तेच.

अशात त्यांच्या मुलीला, संयुक्ताला, बघायला श्रीहरी आला. चेन्नईतच शोळिंगनल्लूरला नोकरी, मूळ यांच्यासारखाच तंजावरकडचा मराठी. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. त्याचे तुकोजीमामा मात्र एका हाताने भजी खात दुसऱ्या हाताने फोन चाळत होते. एकदम त्यांचा घास अडला.

"हे काय, मानाजीराव? सबळ पुरावा आहे म्हणतंय कोर्ट!"

मानाजीरावांनी निकालाची शिक्क्याची प्रत पुढे केली. मामांनी हातही लावला नाही.

"शिक्के काय, कुणीही मारतं. नेटवर दाखवा."

"नेटवर असतं तर हा कागद कशाला जपला असता? चला माझ्याबरोबर, कोर्टात स्वतःच विचारा."

"मी? कोर्टाची पायरी? अय्यो! आमच्या घराण्यात कुणी चढलं नाही."

मामा उठले, भाच्यालाही उठवलं. कोर्टाचं लिहिलेलं खरं मानायचं, पण कोर्टात जायला लाज वाटते! मानाजीराव घरभर येरझारा घालत राहिले.

संध्याकाळी श्रीहरीचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"अंकल, निकालाची प्रत मीच काढून आणतो आणि मामांना दाखवतो. कुठल्या खिडकीवर जाऊ?"

"तुला कोण देतोय?" मानाजीराव खेकसलेच. "तिऱ्हाईताला कारण लिहून द्यावं लागतं. या खटल्याशी तुझा संबंध काय, म्हणून विचारतील."

"होणारा जावई, असं लिहू?"

संयुक्ताने वडिलांच्या हातून फोन ओढून घेतला.

"अर्जात लिहिण्याआधी मला विचारायचं असतं," ती म्हणाली. "आणि कोर्टात सकाळीच या. जेवणानंतर ती खिडकी उघडत नाही."