शेवटचा आकडा

“डावा हाय, माय... डावा.”

हेडफोनमध्ये बाईचा दबका आवाज आला आणि माझी बोटं कीबोर्डवर थांबली. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हे लिहितानाही संकोच वाटतोय.

अंबडच्या एका हाडांच्या दवाखान्यात मी रेकॉर्ड्स बघते. सर पेशंट तपासताना मोबाइलवर बोलून ठेवतात. मी ते ऐकून केसपेपर टाइप करते, आजाराचा कोड टाकते. खांद्याच्या व्यंगाला शेवटचा आकडा १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा. सर स्पष्ट “राइट” म्हणाले होते. मी १ टाकलाही होता. अकरा वाजता ऑपरेशन होतं.

पेशंट सुंदराबाई, घनसावंगीकडच्या, अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊसतोडीला आलेल्या. खांद्याचं जुनं मोडलेलं हाड वाकडं जुळलेलं. मी क्लिप परत लावली — सरांचा आवाज, पंखा. बाई नाहीच.

वॉर्डात जाऊन त्यांच्या भावाला विचारलं, “नक्की कोणता खांदा?”

“दोन्ही वाकडेच की, मॅडम. मोळ्या वाहून वाहून. कोन्ता ते डॉक्टरला ठावं.”

“मग बाईंनाच विचारते.”

“इचारा!” तो हसला. “जल्मापासून बोलली न्हाई ती. ऐकू बी येत न्हाई. आमच्या घरात तेवढी एकच शांत हाय.”

सुंदराबाईंनी माझं मनगट धरलं आणि तळवा आपल्या डाव्या खांद्यावर ठेवला. ऑपरेशनसाठी काढलेला मार्करचा बाण उजव्यावर होता.

मी शेजारच्या टेबलवरच्या मुलीशीही व्हॉट्सअॅपवर बोलणारी. सरांपुढे केसपेपर ठेवला, १ खोडून २ लिहिला आणि बोट तिथंच ठेवलं. सर आधी चिडले... मग एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

“सिस्टर, तो बाण पुसा,” एवढंच म्हणाले.

ती क्लिप मी जपून ठेवली आहे. किती वेळा ऐकली — पंखाच. तपासताना खोलीत सर, भाऊ आणि त्या. दुसरी बाई नव्हती. मला अजून काही उलगडलेलं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी भाऊ जीप बघायला गेला, तेव्हा त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. डावा हात झोळीत. त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असूनही मी मोठ्यानं म्हणाले,

“माय, मला ऐकू आलं होतं.”