डोंगर पेटला तेव्हा आधी कुठली गाडी?

गेल्या आठवड्यात भर दुपारी आमच्या गॅरेजमागचा डोंगर पेटला. रोह्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच माझं गॅरेज. शिमगा सरला की वणवे दिसतातच, पण ते वरच्या वर विझतात... या वेळी वारा खाली उतरत होता.

अंगणात तीन गाड्या. पेणच्या डॉक्टरांची नवी कार, सर्व्हिसिंगला आलेली. हिराबाईचा टेम्पो, ज्यातून ती सुकी मासळी बाजाराला नेते. त्याचं इंजिन मी खाली उतरवलेलं.

आणि माझी जीप. भंगारातून आणून, कुठलाही कोर्स न करता, एकेक पार्ट जुळवून उभी केलेली. ब्रेकचं काम काढलं होतं म्हणून चाकांशिवाय विटांवर होती.

मी कारची किल्ली उचलली. बायको म्हणाली, "अहो, तिला विमा हाय. हिराच्या टेम्पोला काय हाय?" खरंच होतं. टेम्पोला नुसती थर्ड पार्टी, त्यात आग धरत नाहीत.

तेवढ्यात धाटावला शिफ्टला निघालेली कंपनीची बस थांबली. धूर बघून माणसं उतरली. एक मिशीवाला ओरडला, "मिस्त्री, आधी कुठली ते बोला!"

"टेम्पो," मी म्हणालो. दोघातिघांनी इंजिन उचलून हौद्यात ठेवलं, बाकीच्यांनी टेम्पो ढकलत रस्त्यापलीकडे नेला.

आणि मी? मी त्या इंजिनचे नट-बोल्ट क्रमाने डब्यांत भरत बसलो होतो. कुठला कुठे बसतो ते चुकू नये म्हणून... आग कुंपणाला आली तरी! बायकोने दंडाला धरून उठवलं. "बोल्ट बाजारात मिळतात. उठा!"

कार बाहेर काढून वळलो, तोवर जीपमागच्या जुन्या टायरांनी पेट घेतला होता. मिशीवाला म्हणाला, "जीप उचलू का? सगळे लागलो तर होईल."

होईल, हे मलाही दिसत होतं. पण टाकीत पेट्रोल होतं, आणि ही माणसं कुणाच्या तरी घरची...

"नको. आत कोणी जायचं नाय."

इतकं जड वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. जीप जळताना आम्ही पलीकडे उभे होतो. मग ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आली. सांगाडा बघून म्हणाली, "दादा, माझा इंजिन ऱ्हाऊ दे. आधी तुझी जीप उभी कर."

"हिरे, उभी करायला तिच्यात काय उरलंय?"

तिने सांगाड्याभोवती एक चक्कर मारली. "मंग माझा तरी लाव लवकर. मासळी घरात पडलीय, पोरं नाक दाबून जेवतात." त्या घटनेनंतर मी पहिल्यांदा हसलो.

टेम्पो परवा सुरू झाला. एका फटक्यात, हे मुद्दाम सांगतो.

बसमधल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. माझ्यापायी कुणाला शिफ्टला उशीर झाला असेल, कुणाचा खाडाही पडला असेल. ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचली तर आपापल्या बाईक सर्व्हिसिंगला घेऊन या, पैसे नकोत... हाताने काम करणारा माणूस आभार दुसरे कसे मानणार?