उल्काताईच्या बातमीवरचा लाल ठिपका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या चाळीत राहत नाही, म्हणून.

लालबागला आमच्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. रोज सकाळी वामनकाका त्यावर खडूने बातम्या लिहायचे — पाणी कधी जाणार, कोण वारलं, शहरात काय झालं. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तरी कामावर निघालेला माणूस फळा वाचल्याशिवाय बाहेर पडत नाही. फळ्यावर आलं म्हणजे ते खरं, असं आमच्याकडे धरूनच चालतात.

वामनकाकांना बातम्या तपासणारं एक एक्स्टेन्शन मीच बसवून दिलं, आमच्या गणपती मंडळाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. ब्राउजरमध्ये बातमी उघडली की मथळ्याशेजारी ठिपका दिसतो. हिरवा म्हणजे पडताळलेली, लाल म्हणजे संशयास्पद. त्यावर क्लिक केलं की ठिपका का दिला, तेही वाचता येतं. हे ठिपके देणारे आम्ही स्वयंसेवक, आणि स्थानिक बातमीत तिथेच राहणाऱ्याच्या मताला जास्त वजन. लालबागचा मी एकटाच होतो. केवढा तोरा होता मला त्याचा. चाळीच्या ग्रुपवर कुणी काही पाठवलं की मी लगेच विचारायचो, सोर्स काय? आता तो शब्द आठवला तरी किळस येते.

सांगतो. टाळत नाही — टाळतोच आहे खरं तर.

गणपतीत दर्शनाला बायकांच्या रांगेत आमच्याच मजल्यावरची उल्काताई तिच्या आईला घेऊन उभी होती. मधूनच कुणा बड्या माणसाचं कुटुंब थेट आत सोडलं. ती बोलली. मोठ्याने बोलली. त्यावर एका कार्यकर्त्याने तिला दंडाला धरून ओढलं आणि बॅरिकेडवर ढकललं. मनगट मोडलं तिचं. तो कार्यकर्ता म्हणजे माझा सख्खा भाऊ. आणि मी? प्रसादाच्या टेबलापाशी, अगदी समोर. मी सगळं पाहिलं. तिच्या आईचा आरडाओरडा ऐकला. आणि पुड्या बांधत राहिलो.

मग एका छोट्या न्यूज पोर्टलवर बातमी आली. उल्काताईने सांगितलेला शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त दादाचं नाव तिने सांगितलं नव्हतं. ती ओळखत नव्हती का त्याला? लहानपणी आमच्या आईच्या हातचं जेवलेली ती. तिने आमचं घर सांभाळून घेतलं होतं.

मी काय केलं? लाल ठिपका दिला. खाली लिहिलं — ‘एकाच बाजूचा दावा. नाव नाही, पुरावा नाही. घटनास्थळी असलेल्या स्वयंसेवकाने दुजोरा दिलेला नाही.’ तो स्वयंसेवक मीच. तिने जे नाव आमच्यासाठी झाकलं, ते नाही म्हणूनच मी तिला खोटं पाडलं. आणि भाषा किती स्वच्छ, किती निःपक्षपाती! ओकारी यावी इतकी.

दादाने सांगितलं म्हणून केलं? नाही. मंडळाने दबाव आणला? कुणी एक अक्षर बोललं नाही. ‘ह्याचा भाऊ बायकांवर हात टाकतो’ असं जिन्यात कुणी म्हणू नये, एवढंच. तेही भावासाठी नव्हे, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर होतं — ‘मंडळाविरुद्धची बातमी खोटी. खात्री केली आहे.’ मी लिहिलेल्या ‘संशयास्पद’चं ‘खोटी’ झालं होतं. वामनकाका बाजूलाच चहा पीत होते. फळा पुसायचं फडकं खिळ्याला लटकत होतं. मी वाचलं आणि कामाला गेलो.

त्यानंतर उल्काताई गॅलरीत आली की बायका बोलणं थांबवू लागल्या. पेपरात नाव यावं म्हणून केलंन, असं तिच्या आईच्या तोंडावर म्हणाले लोक. एका संध्याकाळी ती प्लास्टरमधला हात घेऊन आमच्या दारात आली.

“तू तिथेच होतास ना रे?”

“गर्दीत दिसलं नाही गं, ताई.”

ती मागे फिरली आणि गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तेवढंही तिने दिलं नाही.

वामनकाकांचे हात आता थरथरतात. यंदा त्यांनी फळा माझ्याकडे सोपवला. सगळ्यांसमोर म्हणाले, “ह्याच्याइतको खात्रीचो माणूस चाळीत नाय.” मी खडू घेतला. नाही म्हणालो नाही.

रोज सकाळी मी लिहीत असतो तेव्हा उल्काताई जिना उतरते. फळा न वाचता जाणारी चाळीत ती एकटीच. बातमीवरचा ठिपका अजून लाल आहे. तो बदलायला एक क्लिक पुरतं, हे माझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत आहे?

उद्या सकाळी मी फळ्यावर पाण्याची वेळ लिहीन. हे लिहिणार नाही.