चाकू डाव्या खिशात

माझी मावशी सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करते. गल्लीत तिला सगळे उसवमावशी म्हणतात, कारण कुणी "वरचं कापड तेवढं बदलून द्या" म्हणालं तरी ती ऐकत नाही. आधी सगळं उसवायचं, आतल्या स्प्रिंगा आणि फोम डोळ्यांनी बघायचा, मगच तोंड उघडायचं. "तोंडाला पावडर लावून ताप उतरतो का?" असं विचारून ती गिऱ्हाइकाला गप्प करते.

उसवायला चाकू लागतो. कित्येक वर्षं तिने मिळेल तो चाकू वापरला. एकाचं पातं लटपटायचं, दुसऱ्याची मूठ घामाने निसटायची. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस ती हत्यारांच्या मोठ्या दुकानात गेली आणि काचेखालचा एक घडीचा चाकू बाहेर काढायला लावला. मूठ पोलादाची, आणि तिच्यात दोन्ही अंगांनी गडद अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या. बसवल्या होत्या इतक्या चपखल, की नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. पात्यावरच्या बोंडाला अंगठ्याने ढकललं की पातं उघडायचं आणि खट्कन जागेवर बसायचं.

"साहेबांना भेट द्यायचाय का?" दुकानदाराने विचारलं.

"साहेब बस चालवतात. त्यांना काय करायचाय चाकू? मला हवाय."

"मग हा छोटा बघा ना, ताई. फळं कापायला छान आहे."

"फळं मी दातांनी खाते. हाच द्या."

घरी काकांनी चाकू हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मावशी त्याच्याकडे बघत होती ते बघून म्हणाले, "माझ्याकडे नाही कधी एवढ्या प्रेमाने पाहिलंस."

"तुमची कुठे इतकी सरळ घडी होते?" मावशी म्हणाली.

तेव्हापासून चाकू तिच्या एप्रनच्या उजव्या खिशात, क्लिपने अडकवलेला. एप्रन नसेल तेव्हा पर्समध्ये. सुट्टीच्या दिवशी बिजागरीत अडकलेले कापसाचे धागे ती टाचणीने काढायची आणि लाकडावरून तेलाचं बोट फिरवायची. मुलाने खोकं फोडायला मागितला तर उत्तर ठरलेलं, "ती बघ, कात्री आहे तिथे." हट्टीपणा म्हणा हवं तर. पण हाताला ओळखणारी एकच वस्तू तिच्याकडे होती, आणि ती वाटून घ्यायची तिची तयारी नव्हती.

मग एका सकाळी तिच्या छोट्याशा कारखान्यात तिच्या हातातून चहाचा कप पडला. तो उचलायला ती वाकली आणि वर येता येईना. झटका मेंदूला होता. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा बोलणं सुधारलं होतं, पायही ऐकायला लागला होता. उजव्या हाताची बोटं मात्र अर्धवट मिटलेली राहिली. चमचाही धरता येत नव्हता.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं, "माझा चाकू?"

"आहे. नीट ठेवलाय," दादा म्हणाला. दादा म्हणजे तिचा मुलगा, बँकेत नोकरीला. दवाखान्यात एप्रन हातात आला तेव्हाच त्याने चाकू काढून स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केला होता. तो वाईट नाही. आईला पुन्हा जमिनीवर पडलेलं बघायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कारखाना भाड्याने द्यायचं बोलणंही त्याने एका ओळखीच्या माणसाशी सुरू केलं होतं.

"कुठे ठेवलायस?"

"आई, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय."

"चाकूबद्दल काय सांगितलंय डॉक्टरांनी?"

दादाने विषय बदलला. मावशीने त्या दिवशी ताणलं नाही.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी दिलेला मऊ बॉल मावशीने इमानेइतबारे दाबला. मग एकदा स्पष्टच विचारलं, "खरं सांगा, हा हात परत कामाला येईल?"

"वस्तू दाबून धरायला येईल," बाई म्हणाल्या. "बारीक काम कठीण आहे. डाव्याला शिकवा."

त्या संध्याकाळी जेवताना मावशीने डाव्या हाताने कसाबसा घास घेतला आणि म्हणाली, "दादा, माझा हात आजारपणाने नेला. त्यात तुझा काही दोष नाही. पण चाकू तू नेलायस."

वहिनी हळूच म्हणाली, "द्या हो त्यांचं त्यांना." दादा ताटावरून उठला आणि चाकू आणून मावशीसमोर ठेवला. "कापून घेशील," एवढंच म्हणाला.

"घेईनही," मावशी म्हणाली. "म्हणून तर शिकायचंय."

चाकू उजव्या हातासाठी बनवलेला. डाव्यात धरला की बोंड भलतीकडे जायचं, आणि घडी घालताना जो खटका अंगठ्याने दाबायचा तो आता तर्जनीने दाबावा लागायचा. क्लिप तळहाताला टोचायची. मुठीच्या दुसऱ्या बाजूलाही स्क्रूची भोकं होती. काकांनी क्लिप काढून तिकडे लावली आणि पात्याच्या धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळून दिली. मावशी खिडकीत बसून उघडझाप करायला लागली. चाकू पडायचा, कॉटखाली जायचा. काका उचलायला वाकले की ती ओरडायची, "तुम्ही उचललात तर मी कधी वाकणार?"

एकदा वैतागून तिने तो गादीवर फेकला आणि तोंड फिरवून रडली. काका शेजारी नुसते बसून राहिले. डोळे पुसून झाल्यावर तिने हात पुढे केला. "आणा इकडे."

दुसऱ्या एका दिवशी खटका अर्धवट दाबला गेला आणि पातं थेट बोटावर मिटलं. पट्टी होती म्हणून निभावलं. दादा दारातच उभा होता. मावशीने बोट निरखून पाहिलं आणि त्याला म्हणाली, "तुझं खरं होतं. आज बोट गेलं असतं." त्यानंतर बरेच दिवस तिने पट्टी काढली नाही. काका "आता जमतंय की" म्हणायला लागले तरी नाही. ते बघून दादाने कारखान्याचं भाड्याचं बोलणं मोडलं. आम्हाला ते नंतर वहिनीकडून कळलं.

पट्टी सुटली तेव्हा पहिलं काम शेजारच्या न्हाव्याचं निघालं. त्याच्या दुकानातल्या खुर्चीचं रेक्झिन फाटलं होतं. लोक म्हणत होते नवी घे. तो भोकावर टॉवेल टाकून मावशीची वाट बघत थांबला होता.

मावशीने उजव्या मुठीचं वजन टाकून रेक्झिन दाबलं आणि डाव्या हाताने एकेक टाका उसवला. पूर्वी चहा गार व्हायच्या आत संपणाऱ्या कामाला सबंध सकाळ गेली. शिवण वाकडी आली. तिने ती स्वतःच उसवली आणि पुन्हा घातली. नवं रेक्झिन ताणायला एका हाताचं बळ पुरेना, तेव्हा तिने सुट्टीवर असलेल्या दादाला बोलावलं.

"ओढ. अजून ओढ. बँकेत तुम्हाला जेवायला देत नाहीत का रे?"

दादाने दात खाऊन ओढलं. तिने खिळे ठोकले, दोनदा हातोडी चुकली, तिसऱ्यांदा बसली.

आता ती मोठे सोफे घेत नाही. ते पलीकडच्या रस्त्यावरच्या कारागिराकडे पाठवते आणि खुर्च्या, स्टुलं, मोटारींच्या सीटा स्वतःकडे ठेवते. उजव्या हाताची बोटं तशीच आहेत. चाकू आता एप्रनच्या डाव्या खिशात असतो.

न्हाव्याच्या त्या खुर्चीचं मात्र सांगायला हवं. ती दुकानात नेऊन ठेवल्याबरोबर न्हावी स्वतःच आरशासमोर ऐसपैस बसला, मागे रेलला आणि म्हणाला, "वा, उसवमावशी! एक नंबर!"

"ऊठ," मावशी म्हणाली. "मागचा एक टाका मला पसंत नाही."