पळणारा की चढणारा

उतार लागला की आमचे काका गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचे, इंजिन बंद करायचे आणि खिडकीबाहेर हात काढून वारा चाचपायचे. कुणकेश्वरचा समुद्र दिसू लागला की बोलायचेही थांबायचे. कुणी घाबरून काही म्हणालंच, तर उत्तर ठरलेलं. “उतार देवाचो, बाये. थंय इंजिनाची लुडबूड कित्याक?” सगळा गाव त्यांना न्यूट्रलकाका म्हणायचा. मी सख्खी पुतणी, पण मीही तेच म्हणायचे.

गाडी म्हणजे जुनी पांढरी अँबॅसिडर. तिच्या सीटवर बसलं की झोप तरी यायची, नाहीतर जुन्या आठवणी. पेट्रोलचं इंजिन थकलं तेव्हा सगळ्यांनी ती भंगारात द्यायला सांगितलं. काकांनी मोडीत निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवलं. “काळीज बदलला म्हणान माणूस बदलता काय?” म्हणत वर पेढेही वाटले. पण त्या दांडग्या इंजिनाचा जोर जुन्या डिफरन्शियलला सोसेना. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी भोपळा. इंजिनाची ताकद त्यातल्या दात्यांमधून चाकांना मिळते. एका संध्याकाळी सड्याच्या, म्हणजे गावामागच्या कातळपठाराच्या, चढणीवर ते दातेच तुटले, आणि शेजारी काकी बसलेली.

सड्यावर काकीची हापूसची कलमं होती. नवी नवरी असताना तिने कळशीने पाणी वाहून जगवलेली. आता तिचे गुडघे गेले होते आणि त्या खडबडीत चढणीवर रिक्षावाले यायला तयार नसत. कलमांना मोहर आला की तिचा जीव घरात थारत नसे. “माका वर नेवन बसवा, बाकी काय नको,” एवढंच तिचं मागणं. खाली समुद्र, वर मोहराचा वास. ती कलमं न्याहाळत बसे, आणि काका कलमांकडे न बघता तिच्याकडेच बघत बसत.

कणकवलीच्या मिस्त्रीने दुसऱ्या गाड्यांचे दोन डिफरन्शियल काढून ठेवले. अँबॅसिडरला दोन्ही बसणार होते. “काका, ह्यो पळणारो. हायवेर उडत जाशात. आणि ह्यो टेम्पोचो, चढणारो. भिंतीर पण चढात, पण पळूचा नाव काढू नकात.”

आता आली का पंचाईत! चौपदरी हायवे झाल्यापासून काकांचं एकच स्वप्न होतं. पहाटे निघायचं, सुसाट गोव्याला जायचं आणि तिथे दिलेल्या लेकीच्या दारात उभं राहून हॉर्न वाजवायचा. तसं त्यांनी तिला फोनवर सांगूनही ठेवलं होतं. मी तर स्पष्टच म्हटलं, “आयुष्यभर बैलगाडीसारखी चालवलीत, आता तरी पळवा!” काकी तांदूळ निवडत राहिली.

अडलं की देवाला कौल लावायचा, ही आमच्याकडची रीत. मग विषय लग्नाचा असो की विहिरीचा. काका देवळात गेले, मी सोबत. गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली की देवाचा होकार. काकांनी गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, पळणारो घेव काय?” पाकळी पडली उजवी! “व्हय म्हाराजा,” म्हणून मी निघालेच. काका मात्र हलेनात. तोंड एवढंसं झालेलं. मग पुन्हा हात जोडले. “म्हाराजा, माझा इचारूचा चुकला. चढणारो घेव काय?” पुन्हा उजवी! गुरव चक्रावला. “अहो, देव दोनांकय होय म्हणता!”

काका खुदकन हसले. “मगे माका होयो तो घेतंय.”

चढणारा बसला. रोज संध्याकाळी गाडी घुमत सड्यावर जाई. पुढच्या सीटवर काकी, चेहऱ्यावर वरातीतल्या नवरीचा तोरा. उतरताना इंजिन बंद. दोघं समुद्राचा आवाज ऐकत तरंगत खाली येत. हायवेवर मात्र गाडीचा नुसता आरडाओरडा, स्कूटरवाल्या बायकाही पुढे निघून जायच्या. गोवा राहूनच गेला.

काकी गेली ती ऐन मोहरात. दिवसकार्य आटोपल्यावर मी भीत भीत म्हटलं, “मिस्त्रीकडे तो पळणारा अजून पडून आहे. बदलून घ्या, लेकीकडे जाऊन या.” काकांनी सड्याकडे बघितलं. “बाये, आता बेगीन खंय पोचाचा आसा माका?” मला रडूच फुटलं. त्याच वर्षी पावसाळ्यात तेही गेले.

गाडी माझ्याकडे आली. मी काहीही बदललं नाही. या मे महिन्यात सड्यावरच्या आंब्यांची पेटी मागे ठेवली आणि पहाटे गोव्याला निघाले. ट्रक, बस, स्कूटर, झाडून सगळे मला मागे टाकून गेले. उतारांवर मी इंजिन बंद केलं, हात बाहेर काढला. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. काकांच्या लेकीच्या दारात थांबून हॉर्न वाजवला.

ती पिठाच्या हातांनीच धावत आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. बोनेटवर हात ठेवून म्हणाली, “बाबानू, कितको ह्यो उशीर!”